पत्रा आत, वाटी बाहेर

१९९७ च्या डिसेंबरात त्याने यशवंतपूरच्या कारखान्यातल्या नोकरीचा राजीनामा दिला आणि एकविसाव्या दिवशी तो परत घेतला.

जे. पी. नगरमध्ये तो आमच्या वरच्या खोलीत राहत असे. मूळचा निपाणीकडचा. कारखान्यात स्टीलच्या वाट्या होत. तो पत्रा दाबून वाटी काढणाऱ्या प्रेसवर होता. तुम्ही त्याच्यासमोर बसला असता तर आधी त्याची बोटं दिसली असती. टेबलावर सतत ठोके: दोन जड, एक हलका. त्या मशीनचा ठेका. कोणी घाई केली की म्हणे, "स्वल्प थांबा."

चुलतभावाने दुबईहून आणलेल्या कॅसेटवर त्याने रॅप ऐकला. इंग्रजी कळलं नाही. मला म्हणाला, "पत्रकारसाहेब, ही तर दवंडी की हो." त्याचे आजोबा गावात दवंडी देत. मग तो मराठी-कानडीत स्वतःचं रचू लागला. डब्याच्या पिशवीतून टेपरेकॉर्डर नेऊन मशीनचा आवाज भरून आणला. घरी एका टेपवर मशीन लावायचा, दुसऱ्यावर त्या ठेक्यासकट स्वतःचं बोलणं भरायचा. चुकला की पहिल्यापासून.

पत्रा आत, वाटी बाहेर,
माणूस आत, माणूस आत.

गणपतीत त्याने हे आमच्या मराठी मंडळींना ऐकवलं. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "प्रस्तावना छान झाली. आता गाणं होऊ द्या."

जयनगरच्या एका कॅसेटवाल्याने मात्र पन्नास कॅसेट मागितल्या. संक्रांतीच्या आत. खपल्या तर दर महिन्याला. त्याच आठवड्यात याने राजीनामा दिला.

"एक द्या, बाकीच्या मी कॉपी करतो," दुकानदार म्हणाला.

याला ते पटेना. "एका गल्लीत दवंडी दिली म्हणून दुसरीत ऐकू जाते काय?" प्रत्येक कॅसेट तो नव्याने बोलला. सकाळी एक, दुपारी एक. मीही त्याला समजावलं. "होय की, बरोबर आहे तुमचं," म्हणाला आणि पुढची कॅसेट घातली.

एकोणिसाव्या दिवशी, अडतिसावी चालू असताना, मशीनच्या आवाजाची टेप अडकून तुटली. त्याने ती चिकटपट्टीने जोडली. जोडाशी ठेका अडखळे आणि तिथेच याची जीभही.

"दुसऱ्या मशीनचा आवाज घे," मी म्हणालो.

"जीभ याच मशीनवर बसलीय, साहेब."

दोन दिवसांनी, तो आवाज पुन्हा भरून घ्यायला, मी त्याच्याबरोबर कारखान्यावर गेलो. वॉचमनने फाटकातच थांबवलं. मालक बाहेर आले. त्यांनी टेपरेकॉर्डर पाहिला, हसले आणि कानडीत म्हणाले, "ऐकायचंय ना? कामावर ये. रोज आठ तास ऐक. टेप आणलीस तरी चालेल." कागद तयार होता: तीन वर्षांचा करार, मध्ये सोडता येणार नाही.

मी म्हणालो, "वाचून तरी बघ."

तो म्हणाला, "वाचून मशीन बाहेर येतं काय?" आणि सही केली.

उरलेल्या कॅसेट त्याने कामावरून आल्यावर पुऱ्या केल्या. पन्नासावी संक्रांतीनंतर नऊ दिवसांनी झाली. दुकानदाराने एकही घेतली नाही. पन्नासच्या पन्नास त्याच्या खाटेखाली राहिल्या. त्यातली एक त्याने मला दिली.

पुढच्या वर्षी कारखाना होसकोट्याला गेला. करार होता, तोही गेला. १९९९ च्या जुलैत त्याचा एकदा फोन आला.

"नवीन प्रेस आलाय. तेलाच्या दाबावर चालतो. ठोका पडत नाही."

"आणि जुना?"

"भंगारात."

"मग आता?"

"स्वल्प थांबा," म्हणाला. तिकडून हाक आली होती. त्याने फोन ठेवला.

करार संपायला तेव्हा सतरा महिने होते.