निळं पिंप आणि लांब गाडी

"मागे पाण्याचं पिंप मावेल ना?"

बाबांनी हे इतक्या हळू आवाजात विचारलं, की वाटावं ते गाडीच्या मालकाकडे स्थळाची चौकशी करतायत. मालक किरीटभाई, भाईंदरमधले हार्डवेअरवाले. त्यांनी मागचं दार छतापर्यंत उचललं. "अरे साहेब, पिंप काय, आख्खा सोफासेट टाका."

गिरगावातून आम्ही मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमध्ये आलो तेव्हा घर मोठं झालं आणि नळ बारीक झाला. पाणी पेणकरपाड्यातल्या ओळखीच्या विहिरीवरून आणायचं, तर पिंप दिसलं की रिक्षावाले नजर फिरवत. म्हणून बाबांनी ही सेकंडहँड डिझेलची इस्टेट, म्हणजे मागे सामानाला लांबलचक जागा असलेली गाडी, हेरली होती. आतून खोली, बाहेरून टेम्पो आणि मानाने मोटार.

ती चालवणार होते मी. घरात लायसन एकटीकडे. (बाबांना गाडी येत नसे, सूचना येत.) रोज सकाळी बाबांना स्टेशनवर सोडायचं आणि येताना पाणी भरून आणायचं, असं माझ्यासमोरच ठरलं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. मी इंग्रजी माध्यमातली. वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळायचं, मग मराठीत यायचं, मग ते बोलायचा धीर गोळा व्हायचा. तोवर विषय बदललेला असायचा.

"रोजच्या वापराची गाडी रोजच्यासारखीच तपासायची," बाबा म्हणाले. म्हणजे भरलेल्या पिंपासकट. त्यामुळे विहिरीवर पिंप भरून निघालो तेव्हा किरीटभाई स्टिअरिंगवर, शेजारी बाबा, मधल्या सीटवर आई, आणि अगदी मागे पिंपाला मिठी मारून मी. झाकण हरवलं होतं, म्हणून वर जेवणाचा पाट.

मला मात्र गाडीचं फार कुतूहल वाटत होतं. चावी फिरवल्यावर डिझेलचं इंजिन तापून एक पिवळा दिवा विझेपर्यंत सगळे देवासमोर बसल्यासारखे गप्प बसले. मग गाडीला हुडहुडी भरली. गिअरचा दांडा तर नाही-नाही म्हणावं तसा हलत होता. मागच्या काचेतून रस्ता उलटा पळताना दिसत होता, आणि तो बघण्यात मी पाटावरचा हात काढला.

पहिला खड्डा आला. पाट माझ्या मांडीवर, निम्मं पाणी माझ्या डोक्यावर.

"कशी वाटतेय गाडी?" बाबांनी पुढून विचारलं.

'ओली' हे उत्तर माझ्या मनात तयार होत होतं, तेवढ्यात दुसरा खड्डा आला.

"सस्पेन्शन चांगलं आहे," बाबांनी स्वतःच निकाल दिला.

सोसायटीच्या गेटात तळमजल्याच्या सावंतकाकू उभ्या होत्या. "गाडी घेतलीत? आणि पेढे कुठेत?"

'नुसती बघतोय' एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. पण शेजाऱ्यांसमोर नाही म्हणणं बाबांना कधी जमलंच नाही. ते हसले. ते हसू पाहून आई वर गेली आणि हळदकुंकू, नारळ, देवाचा हार आणि चार लिंबं घेऊन खाली आली. बघता बघता बॉनेटवर स्वस्तिक निघालं, चारही चाकांखाली लिंबं गेली आणि गॅलऱ्या भरल्या.

"अगं, अजून ठरलं नाहीये," बाबा कुजबुजले.

"मग हसलात कशाला?"

"ओळखीच्या बाईकडे बघून हसायचं नाही?"

"पेढे मागितल्यावर? नाही."

किरीटभाई सगळं ऐकत होते. पण गाडीला हार घातलेला बघून त्यांनी शहाणपणाने तोंड मिटलं. एकदा नारळ फुटला की गाडी परत न्या म्हणायची आमच्या घरात कुणाचीच छाती नव्हती, हे त्यांनीही ओळखलं असावं.

"लिंबावरून मुलीलाच नेऊ दे," सावंतकाकू म्हणाल्या. "तीच चालवणार ना?"

दिवसभरात पहिल्यांदाच कुणाला माझी आठवण झाली. मी ठिबकत ड्रायव्हरच्या सीटवर बसले. समोर स्टिअरिंग, त्याच्यावर आकाश. रस्ता कुठेच नाही. पाय लांबवला. क्लच लागेना. आणखी घसरले, तर आकाशही गेलं.

"सीट पुढे घ्या, बेन," उंचेपुरे किरीटभाई म्हणाले. मी खालची कडी ओढली. किरीटभाईंनी ओढली. बाबांनी ओढली. "मला कधी गरजच नाय पडली," किरीटभाई पुटपुटले. सीट बसवली होती तिथेच गंजून बसली होती.

इकडे आईने नारळ डोक्याच्या वर उचलला. तो खाली आला की रोज सकाळी ही गाडी, हे पिंप, ते आकाश आणि मी. गॅलऱ्यांमधून सगळे बघत होते. मनात इंग्रजी वाक्य जुळायला लागलं होतं, पण या वेळी मी त्याच्यासाठी थांबले नाही.

"आई, थांब," मी खिडकीतून ओरडले. "बाबा, गाडीत काही खोट नाही. मीच आखूड पडतेय."