घाम मोजणारे अण्णा

अण्णा आधी काट्यावर उभं करायचे, मग बोलायचे. ते चाकणच्या आमच्या कंपनीच्या कबड्डी टीमचे कोच, आणि कंपनीत माल तोलायचा काटा होता. त्यावर आम्ही सातजणी, कबड्डीच्या सरावाआधी एकदा आणि नंतर एकदा. मी बीडहून नवीन आलेली, कॉन्ट्रॅक्टवर. चारचौघांत वजन सांगायचं म्हणजे काय! मी फणकारले, तर म्हणाले, "तुझं वजन कोन इचारतंय? मी घाम मोजतोय."

घटलेल्या वजनाइतकं पाणी पाजल्याशिवाय घरी सोडत नसत. कुणाचं वजन वाढलेलं दिसलं तर तिलाही बोलणी, उगाच ढोसलंस म्हणून. अर्धा तास खेळलं तर साधं पाणी. दोन तास उन्हात खेळलं तरच मीठ-साखर-लिंबू, तेही चमचा बोटानं सपाट करून. तीस वर्षं कारखान्याच्या भट्टीपुढे काढलेला रावेतचा हा म्हातारा. तहान म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला जाऊ नये.

कंपन्यांच्या स्पर्धेच्या फायनलला प्रायोजकाचे एनर्जी ड्रिंकचे चकचकीत डबे आले. मॅनेजरसाहेबांचं फर्मान निघालं, सगळ्यांनी प्यायचं, फोटो काढायचाय. अण्णांनी मला डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला लावलं. कॅफिन भरपूर होतं.

"ह्ये झोप उडवायचं हाय," अण्णा म्हणाले. "पोरींना झोप न्हाई आली, तहान लागलीया."

साहेब तापले. ऐकायचं नसेल तर उद्यापासून येऊ नका, म्हणाले.

"उद्या न्हाई येनार. आज पोरी माझ्या हायेत."

माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच साहेबांच्या सहीवर होतं. पण डबा टेबलावर ठेवला आणि अण्णांच्या पाण्याच्या कॅनखाली पेला धरला. मागोमाग बाकीच्या सहाजणींनीही. त्या दिवशी दोन गुणांनी हरलो. साहेबांना आयतं निमित्त मिळालं आणि माझ्या कागदावर पुन्हा सही झालीच नाही.

अण्णा खरंच आले नाहीत. मग रविवारी आम्हीच सातजणी त्यांच्या दारात. उंच इमारतींच्या मधे, बिल्डरला न विकलेला जमिनीचा तुकडा त्यांच्याकडे उरला होता. "कंपनीची टीम सगळ्यांनीच सोडली," मी सांगितलं. अण्णांचे डोळे भरून आले आणि लगेच ते खेकसले, "मंग हुभ्या काय ऱ्हायल्या? खडं येचा."

तिथंच खेळून आम्ही कंपनीच्या नव्या टीमला दोनदा हरवलं. पहिल्यांदा अण्णा रेषेबाहेर बसले होते. दुसऱ्यांदा ते या जगात नव्हते. तरी हरवलंच.