आत्याच्या हरभऱ्यावरचं दव आणि माझं गणित

मंडळी, आज सकाळी हरभऱ्याच्या रानात मी अशी ओरडले की बांधावरचे बगळे उडाले!

मी लातूरला विज्ञान शिकवते. सुट्टीत उमरीला आत्याकडे आलेय. आत्या हरभऱ्याची आंब, म्हणजे पानांवरचा आंबट रस, काढते. सांजेला धुतलेलं पांढरं धोतर पिकावर अंथरायचं, सकाळी दवानं भिजलं की पिळायचं. पोटदुखीवर तिचं हेच औषध.

परवा मी मोबाईलवरच्या आकड्यांवरून दवबिंदू, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की दव धरतं ते, काढला आणि सांगून टाकलं, "आत्या, आज दव पडत नाही." तिनं धोतर घडी करून ठेवलं. सकाळी अख्खं रान ओलं! बघते तर मोबाईल लातूरचंच हवामान दाखवत होता.

काल मात्र शाळेतून सोबत आणलेलं तापमान-आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घेऊन सांजेला थेट बांधावर बसले. तापमान २४, आर्द्रता ५५ टक्के. शंभराला ४५ कमी, त्याला पाचनं भागलं की ९. चोवीसातून नऊ गेले, दवबिंदू साधारण १५. आणि उमरीचा पहाटेचा अंदाज त्याहून खाली, बारा अंशांचा! म्हटलं, "आत्या, अंथर!"

आज धोतर पिळलं तर अर्धा तांब्या भरला. मी नाचायचीच बाकी होते.

आत्या हसली. "लई हुशार हायस. परवा बी सांजेला बांधावर पाय गार पडले होते. दव पडणार, मला कळलंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू शिकलेली. म्हणलं, तुलाच ठावं असंल."

तुमच्या आकड्यांपुढं घरात असं कोण गप्प बसलंय?