टेम्पोच्या ट्यूबवरची रांगोळी

सकाळी दालनाचं कुलूप काढलं आणि प्रज्ञा दारातच थबकली. काल संध्याकाळी पूर्ण केलेली तिची रांगोळी जागच्या जागी होती. कुणाचा पाय पडला नव्हता, उंदीर फिरला नव्हता. पण चित्रातल्या बाईच्या चेहऱ्यावरून कुणी फुंकर मारत गेल्यासारखं दिसत होतं. डोळ्यांतले ठिपके पसरले होते. तिच्या हातातल्या स्टीलच्या डब्यावर एक बारीक पांढरी चमक होती. ती राखाडी होऊन बसली होती.

"मॅडम, हे माझ्या हातून झालेलं नाही."

"दिसतंय मला," मी म्हटलं. "चष्मा आता खरा आहे."

तिला विनोद कळला नाही, कळणारही नव्हता. सव्विसाव्या वर्षी संग्रहालयात नोकरीला लागले, तेव्हा मी बिननंबरचा चष्मा लावत असे. विद्वान दिसावं म्हणून. त्या काळात मी एकेका वस्तूला अर्ध्या पानाची माहितीपाटी लिहायची. लोक वाचायचे ती एकच पाटी, 'प्रसाधनगृह उजवीकडे'. आणि रांगोळी? रांगोळी म्हणजे रिकाम्या वेळची हौस, असं मी नाक वर करून चारचौघांत सांगायची. ती बाई आज भेटली तर मी तिला आधी झाडू मारायला लावीन.

माझं काम काय होतं ते सांगते. वस्तू कुठे ठेवायची, किती उंचीवर, कुठल्या उजेडात, आणि ती तिथे सुखरूप कशी राहील, हे मी बघायची. पुण्यातून निवृत्त झाले, चिंचवडला लेकीजवळ राहायला आले. भोसरी एमआयडीसीत एका ट्रस्टने जुन्या शेडमध्ये छोटं संग्रहालय काढलं आहे. कामगारांचे बिल्ले, औजारं, जेवणाचे डबे, एक म्हातारं लेथ मशीन. दिवाळीच्या सुट्टीत तिथे प्रदर्शन ठरलं आणि मला बोलावणं आलं.

प्रदर्शनाच्या मधोमध प्रज्ञाची रांगोळी असणार होती. प्रज्ञा चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर पार्टवरचे ओरखडे शोधते. दिवाळीत शाळेच्या हॉलमध्ये व्यक्तिचित्रं काढते, अगदी फोटो वाटावीत अशी. या वेळचं चित्र तिच्या आईचं होतं. आई लातूरकडून लग्न होऊन भोसरीत आली आणि भाड्याच्या खोल्यांतल्या पोरांना वर्षानुवर्षं डबे पुरवत राहिली. तिला अजून काही सांगितलं नव्हतं. शुक्रवारी, वसुबारसेला, उद्घाटनाला आणून एकदम दाखवायचं, असा प्रज्ञाचा बेत होता.

तेवढ्यात निखिल आला. निखिल म्हणजे ट्रस्टचा मॅनेजर, माझ्या थोरल्या नातवापेक्षा जेमतेम मोठा.

"नो टेन्शन मॅडम, प्लॅन बी रेडी आहे. काल मी हाय रेझोल्यूशन फोटो काढलाय. फ्लेक्सवर प्रिंट मारू, भिंतीला लावू."

"मग माझं नाव लावू नका," प्रज्ञा म्हणाली.

"अगं, चित्र तुझंच आहे ना?"

"फ्लेक्स चौकाचौकात असतात सर. आईला फ्लेक्स बघायला रजा टाकून कशाला आणू?"

निखिल माझ्याकडे बघायला लागला. "ट्रस्टींना उद्या सांगावं लागेल मॅडम. रांगोळी टिकणार असेल तर रांगोळी. नाहीतर फ्लेक्स."

म्हणजे हातात एक दिवस होता.

आधी नेहमीचे संशयित तपासले. पंखे बंद होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात आम्ही घामाने निथळत होतो, पण रांगोळीच्या हॉलमध्ये पंखा लावणं म्हणजे पाप. खिडक्यांना चिकटपट्टी होती. मग मी जमिनीवर मांडी घातली आणि बुडाला काहीतरी जाणवलं. धप्प. थोडं थांबून पुन्हा धप्प.

वाटीत पाणी घेऊन जमिनीवर ठेवलं. प्रत्येक धप्प्याला पाण्यावर वर्तुळं उठत होती.

भिंतीपलीकडे प्रेस शॉप आहे. पत्र्याचे पार्ट दाबून कापणाऱ्या मोठ्या मशीनला प्रेस म्हणतात. ती दर ठोक्याला जमीन हलवते. उभ्या माणसाला कळत नाही, पण रांगोळीचा कण सुटा असतो. प्रत्येक ठोक्याला तो केसभर सरकतो. रात्रभरात डोळ्याचं पाणी होतं आणि चमकेची राख.

निखिल म्हणाला, "वरून फेविकॉलचा स्प्रे मारू."

"ओली झाली की रंग काळवंडतो सर. आई आजारी दिसेल," प्रज्ञा म्हणाली.

सव्विसाव्या वर्षीच्या मॅडमने इथे शेजाऱ्याला कडक पत्र लिहिलं असतं, तीन प्रतींत. मी चहाच्या वेळी शेजारी गेले. मालक ज्ञानोबाशेठ, मूळचे भोसरी गावातले.

"शेठ, चार दिवस प्रेस बंद ठेवाल का?"

"आवं मावशी, दिवाळीच्या तोंडावर? पोरांचा ओव्हरटाइम चाललाय. त्यावरच त्यांच्या घरी फराळ हाय. मी बंद करायचं म्हनलं तर तेच मला दाबतील प्रेसखाली."

खरं होतं. आमची रांगोळी टिकावी म्हणून त्यांचे फटाके पेटू नयेत, हे कुठल्या तोंडाने मागायचं?

"बरं, उद्या?"

"उद्या गुरुवार. सुट्टीच हाय की."

आमच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. जमीन गप्प असणारा एक अख्खा दिवस मिळाला होता. चित्र गुरुवारी काढून होईल. प्रश्न शुक्रवारपासूनचा होता.

नाजूक मूर्ती ट्रकमधून नेताना आम्ही खाली मऊ गादी द्यायचो. खड्ड्याचा धक्का गादी खाते, मूर्तीपर्यंत पोचू देत नाही. याला आमच्यात आयसोलेशन म्हणतात. गादी जितकी लुसलुशीत आणि वरचं ओझं जितकं जड, तितकं बरं. आणि हवेइतकी लुसलुशीत गादी दुसरी कुठली? टायरवाल्याकडून मी टेम्पोच्या चार ट्यूबा मागवल्या. वर कडाप्प्याची लादी, लादीवर प्लायवूड, त्यावर रांगोळी.

प्रज्ञाने ऐकून घेतलं आणि हात जोडले. "मॅडम, मी काढताना खालच्या फळीवर टेकते. कोपर टेकवलं की सगळं डुलणार. झोपाळ्यावर बसून भुवई कशी कोरू?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डोकं खाजवलं, कारण अक्कल तिथेच कुठेतरी ठेवलेली असते.

तोडगा निघाला तो असा. लादी आधी लाकडी ठोकळ्यांवर पक्की ठेवायची. ट्यूबा हवा न भरता खाली नुसत्या पसरायच्या. गुरुवारी प्रज्ञाने निवांत चित्र काढायचं. चित्र झालं की चारही ट्यूबांत एकदम, सावकाश हवा भरायची. लादी ठोकळ्यांवरून उचलली गेली की ठोकळे काढून घ्यायचे.

"आणि एक बाजू आधी उचलली गेली तर?" निखिलने विचारलं.

"तर आई घसरून खाली येईल आणि तुझा फ्लेक्स वर चढेल."

गुरुवारी संध्याकाळी प्रज्ञाने शेवटची पांढरी चिमूट सोडली आणि मागे सरकली. डब्यावर ट्यूबलाइट लखलखत होती. चार ट्यूबांना सायकलचे चार पंप जोडले. एक निखिल, एक प्रज्ञा, एक ज्ञानोबाशेठ. शेठ गंमत बघायला आले होते, त्यांना मी पकडलं. मी लेव्हल बघणार होते. लादी आडवी सपाट आहे की नाही, हे त्यातला हवेचा बुडबुडा सांगतो. चौथा माणूस कमी पडत होता.

तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली, हातात पिशवी. "प्रज्ञे, जेवलीस का गं? सकाळधरनं उपाशी आसंल म्हून डबा आनला."

प्रज्ञाचा चेहरा पडला. बेत फुटला होता. पण मला त्या क्षणी आई दिसली नाही, दोन हात दिसले.

"या ताई, हा पंप धरा. मी म्हणेन तेव्हा दाबायचं. वर बघायचं नाही."

"कशाला?"

"नंतर सांगते."

त्या बाईने पदर खोचला आणि पंप धरला. अशी माणसं मला आवडतात.

"एक, दाबा. थांबा. दोन, दाबा. शेठ, हळू! प्रेस नाही ती!"

"आवं, सवय हाय हाताला."

निखिल इस्त्रीच्या शर्टात गुडघ्यावर वाकला आणि ओरडला, "मॅडम! लादीखाली हा काय... हा आपला फ्लेक्स आहे?"

"हो. सकाळीच छापून आला. जाड आहे, ट्यूबेला खडा लागत नाही. तीन, दाबा!"

बुडबुडा डावीकडे सरकला. मी म्हटलं, "निखिल, तू थांब. ताई, तुम्ही अर्धा." बुडबुडा मध्ये आला. लादी ठोकळ्यांवरून सुटली, कागद सरकेल इतकीच. आणखी एक दाब. मी एकेक ठोकळा ओढून काढला. सगळं अलगद हवेवर उभं राहिलं. एक कण हलला नव्हता.

"आता बघा ताई वर."

आईने बघितलं. मग म्हणाली, "मला काय म्हाईत, माज्याच तोंडाखाली हवा भरायला लावताव म्हून!" आणि लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला. "पदर तरी नीट काढायचास की गं." बोलता बोलता स्वतःचा पदर डोळ्यांना लावला. शेठ उगाचच पंप गुंडाळत बसले.

शुक्रवारी सकाळी प्रेस सुरू झाली. जमिनीवरच्या वाटीत वर्तुळं उठली. प्रज्ञा गुडघ्यावर बसून बहिर्गोल भिंग घेऊन डोळ्यांतले ठिपके बघत होती, कंपनीत ओरखडे बघते तसे. दुपारी ती उठली. "ओके मॅडम. पास."

दिवाळीभर रांगोळी तशीच राहिली. सुट्टीतली पोरं आली, आयाबाया आल्या, निघोजे आणि राजगुरुनगरहून जुने कामगार आले. काहींनी त्या बाईच्या हातचे डबे खाल्ले होते. ते चित्रापेक्षा आईभोवतीच जास्त गर्दी करायचे. शेठ आपल्या पोरांना शिफ्ट सुटल्यावर घेऊन आले आणि सगळ्यांना पंप कसा मारला ते सांगत राहिले. त्यांच्या सांगण्यात बाकीचे तिघं नव्हतेच. ट्रस्टींनी पुढच्या दिवाळीला अख्खं दालन रांगोळीला दिलं आणि निखिलला सगळ्या पद्धतीची एसओपी, म्हणजे पायरीपायरीची कृती, लिहायला सांगितली. तो बिचारा मला विचारायला आला, पहिला मुद्दा काय लिहू.

मी म्हटलं, "लिही, शेजारी ठोकत राहणार. त्याला गप्प करायला जाऊ नये, आपण जरा अधांतरी राहावं. आणि पंप मारायला मॅनेजर हाताशी ठेवावा."

त्याने शेवटचं वाक्य गाळलं.