पुलावर मेलेली पलटण

आमच्या खेळाबद्दल सांगितलं की लोक आधी हसतात. "या वयात सैनिक-सैनिक?" हसा बापडे. नेपोलियनच्या काळातल्या लढाया आम्ही तिघं खेळायचो: डोंबिवलीचा मी, घोडबंदर रोडवरचा माझा मित्र आणि शहाडचे काका. काका नात्यातले नव्हेत, पण हा नाद आम्हाला लावला त्यांनीच.

मोठं युद्ध काकांच्या घरी, नकाशावर. मी आणि मित्र एकमेकांविरुद्ध; कुठली पलटण कुठे न्यायची ते आम्ही दोघं फोनवरून त्यांना कळवायचो, आणि आमच्या टेहळ्यांना काय दिसलं ते काका आम्हाला कळवायचे. दोन फौजा समोरासमोर आल्या की ती लढाई माझ्या हॉलमध्ये, टेबलावर, बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडून. टेबलावर मेला तो नकाशावरूनही गेला. त्याला माफी नाही.

नकाशा फक्त काकांनी बघायचा. म्हणून मोहीम चालू असताना त्यांच्या घरी पाऊल ठेवायचं नाही, हा नियम. आणि काका मुद्दाम खोट्या बातम्याही द्यायचे. खऱ्या लढाईत तरी टेहळ्यांना कुठे नीट दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

दिवाळीनंतर बातम्या विचित्र यायला लागल्या. माझी एक पलटण पुलावर अख्खी कापली गेलेली. मी स्वतः एकेक सैनिक उचलून डब्यात ठेवलेला. तरी काकांचा मेसेज: 'पुलावरची पलटण नदी उतरून येते आहे.' मग, 'दाराशी उभी आहे. कोणी उघडत नाही.' अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू! मित्र मात्र खूश. "काय डोकं आहे यार म्हाताऱ्याचं! कसला घाबरवतोय!" मलाही ते पटलं. आम्ही चक्क त्या मेलेल्या पलटणीला धरून आपापले डावपेच आखायला बसलो.

मग मेसेज आला, 'आत घेतलं.' बास. मला राहवेना. नियम गेला खड्ड्यात म्हटलं आणि रविवारी दुपारी शहाडला गेलो.

दार काकूंनी उघडलं. चेहरा पार उतरलेला. "बरं झालं आलास रे. मीच बोलावणार होते, पण खेळ बिघडेल म्हणून हे फोन करू देईनात."

हॉलमध्ये पडदे ओढलेले. जमिनीवर नकाशा. सोफ्यासमोर चहाचे भरलेले कप, साय धरलेली.

"कोणासाठी, काकू?"

"मला काय ठाऊक! रोज मांडायला लावतात. नाही मांडले तर अंगावर धावून येतात."

काका नकाशाशेजारी मांडी घालून बसलेले. मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, ती पलटण मेली हो. माझ्या टेबलावरच मेली."

"हळू बोला," त्यांनी रिकाम्या सोफ्याकडे पाहिलं. "त्यांना अजून सांगितलेलं नाही."

इतक्या वर्षांत काकांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ते उठले, माझा चेहरा निरखून पाहिला, खांद्यावर हात ठेवला. फार मायेने ठेवला.

"बसा," म्हणाले. मग काकूंकडे वळून, आवाज उतरवून: "अगं, आणखी एक आला. यांनाही काही सांगू नकोस."