परातीतलं वर्गसमीकरण

पीठ अर्धं चाळून झालंय. परात समोर, पाठ कपाटाला टेकलेली, आणि दुपारचा माझा डोळा लागतोय. तेवढ्यात कोणीतरी हातातून चाळणी काढून घेतं. शकूआत्या. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी बांगड्या तशाच वाजतात.

"जाड राहिलंय गं," ती म्हणते.

आत्या शाळेत गणित शिकवायची. घरी पीठ चाळताना परातीत बोटानं वर्गसमीकरणं लिहायची आणि मी सोडवायचे. माझं एकही अडायचं नाही, अवयव पटापट पडायचे. मी स्वतःला फार हुशार समजायचे.

चाळणी हलते आहे आणि आम्ही दहावीच्या परीक्षेला बसलोय. बाकावर परात. प्रश्नपत्रिकेतल्या समीकरणाचे अवयव काही केल्या पडत नाहीत. माझंच चुकतंय म्हणून मी खोडते, पुन्हा मांडते, पुन्हा खोडते. घंटा होते. त्यानंतर मी गणिताला हात लावला नाही. इंजिनिअर व्हायचं राहूनच गेलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणते. "बी वर्ग वजा चार एसी पूर्ण वर्ग आला, तरच मुळं परिमेय येतात, तरच अवयव सरळ पडतात. तू आधी उत्तरं ठरवायचीस आणि मग गणित रचायचीस."

ती नाही म्हणत नाही. सुटलं की तू किती हसायचीस, एवढंच म्हणते.

"आणि हेमंतदादाला?" हेमंत तिचा मुलगा.

"त्याला वाकडीतिकडीही द्यायचे. त्याला पुढे जायचं होतं, कुंदा."

इतकं सहज म्हणते. मला कुठं जायचं होतं, हे तिनं कधी विचारलंच नाही.

आता आम्ही एसटीत आहोत, परात माझ्या मांडीवर.

"हेमंतदादाला द्यायचीस तसलं एक दे," मी म्हणते. "आत्ता."

ती परात स्वतःकडे ओढते. मग बोट पिठात टेकवते.

शेजारच्या कुकरची शिट्टी होते आणि मी जागी होते. पीठ सगळं चाळलेलं आहे. त्यात आत्याच्या अक्षरात लिहिलंय:

6x² − 17x + 12 = 0

अंगावर काटा येतो, पण त्याआधी आनंद होतो. असले आडमुठे आकडे तिनं मला कधी दिले नव्हते. मी कडेच्या पिठातच मांडते. सतराचा वर्ग दोनशे एकोणनव्वद. चार गुणिले सहा गुणिले बारा, दोनशे अठ्ठ्याऐंशी. वजाबाकी एक, म्हणजे पुन्हा पूर्ण वर्गच.

एकाचं वर्गमूळ एक. मुळं तीन छेद दोन आणि चार छेद तीन. चटकन सुटलं.

आत्या, याही वेळी तू मला सोपंच दिलंस.