पत्र्यातून उतरलेला सूर्य

ग्रहणाच्या सकाळी मी बार्शीहून गावी आलो, तो भांडायच्या तयारीनंच. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि इकडे माझ्याच घरी, सात महिन्यांच्या गरोदर वहिनीला आईनं ग्रहण सुटेपर्यंत खोलीत बसवलं होतं. खिडकीला घोंगडं. पाण्याचा घोटही नाही.

"आई, ग्रहणानं बाळाला काही होत नाही. निदान पाणी तरी दे तिला."

मला खोलीत घेऊन आईनं आतून दार लावलं आणि त्याला पाठ टेकून बसली. "तुझ्या ओठाला टाकं का पडलं, ठाव हाय? तू पोटात असताना गिराणात मी वांगी चिरली. लई भूक लागलेली."

माझा ओठ जन्मतःच फाटका होता. लहानपणीच सोलापूरच्या दवाखान्यात शिवला. पण आई तीस वर्षं त्याचा दोष स्वतःकडे घेऊन बसलीय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पाठ करून आणलेलं सगळं बाजूला ठेवलं. मी तिच्याशेजारी खाली बसलो.

थोड्या वेळानं वहिनी कुजबुजली, "भावजी, हे बघा की."

छपराच्या पत्र्याला खिळ्याचं भोक होतं. त्यातून आलेला सुपारीएवढा उजेड तिच्या पोटावर पडला होता, आणि तो गोल नव्हता. कुणी चावा घेतल्यासारखा. बघता बघता त्याची कोर झाली.

"हा सूर्यच आहे," मी म्हणालो. हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. अंगावर काटा आला.

आई धडपडत उठली. उजेड पोटावर पडू नये म्हणून तिनं मध्ये हात धरला, आणि कोर तिच्या तळहातावर उतरली.

"ह्यो वरचा सूर्य?"

"व्हय, आई."

"पोळत न्हाय की."

तिनं हात जरा इकडंतिकडं केला, कोर मात्र जागची हलली नाही. आम्ही तिघंही श्वास रोखून बघत राहिलो.

"तुझी काही चूक नव्हती, आई," मी हळूच म्हणालो. "वांगी चिरल्यानं ओठ फाटत नाही."

 दुसऱ्या हातानं तिनं तुळशीचं पान टाकलेला तांब्या वहिनीकडे सरकवला. "पी घोटभर."

ग्रहण सुटल्यावर तिनं सगळ्यांना डोक्यावरून अंघोळ करायला लावली, मलाही. दोन महिन्यांनी पुतणी झाली, धडधाकट. बारशाच्या गडबडीत आईनं मला बाजूला घेतलं. "पुढचं गिराण कधी हाय रं?"

भीतीनं विचारलं की पुन्हा बघायचं म्हणून, मला अजून उमगलेलं नाही.